कचऱ्याचा डोंगर का घसरतो? पायथ्याच्या वस्तीसाठी एक अभ्यासपाठ

डम्पिंग ग्राउंडजवळच्या वस्तीत आरोग्य शिबिर लावले की तक्रारी बहुतेक ठरलेल्या असतात. दम लागतो, डोळे चुरचुरतात, लेकराचा खोकला जात नाही, अंगाला खाज सुटते. मात्र एका शिबिरात, पावसाळा तोंडावर आलेला असताना, एका वयस्क बाईंनी गोळ्या पदरात बांधता बांधता वेगळाच प्रश्न विचारला.

"डॉक्टर, खोकल्याचं तुम्ही बघताय. पण घरामागचा ढीग वरनं फुटलाय. हातभर भेग पडलीय. तो अंगावर यायचा का हो?"

"मावशी, हे मला सांगता येणार नाही. पण विचारून सांगतो," एवढेच मी म्हणू शकलो. नंतर एका स्थापत्य अभियंता मित्राकडे दोन-तीन संध्याकाळी बसून मी हा विषय समजून घेतला. तो या पानावर मांडायचे कारण सरळ आहे. खोकल्यावर औषध देता येते, पण घर ढिगाखाली गेले तर दवाखान्यात आणायलाही कोणी उरत नाही. हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

आधी पाठाचे सार सांगतो. कचऱ्याचा ढीग लहरीने कोसळत नाही. त्याला कारणे असतात, बहुतेक वेळा आधी खुणा दिसतात आणि त्यावरचे उपाय जगभर माहीत आहेत. पाणी बाहेर काढणे, उतार सपाट करणे, माथ्यावरचे ओझे उतरवणे, पायथ्याला आधार देणे आणि पायथा कधीही न खणणे, ही ती पंचसूत्री. ढीग शहराचा असतो, पण पायथ्याशी राहणारा गरीब असतो. म्हणून ही पंचसूत्री पायथ्याच्या माणसाला पाठ असली पाहिजे.

असे घडले आहे

डोंगर घसरतो हे आपल्याला माहीत आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी आपण विसरलेलो नाही. माणसाने रचलेला कचऱ्याचा डोंगरही तसाच घसरतो.

१० जुलै २००० रोजी फिलिपिन्समधल्या क्वेझॉन शहरात पायाटास येथील कचऱ्याचा डोंगर कोसळला. त्याआधी कित्येक दिवस वादळी पाऊस सुरू होता. पायथ्याच्या झोपड्यांत कचरा वेचून पोट भरणारी कुटुंबे राहत होती. दोनशेहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी जानेवारीत त्या देशाने घनकचऱ्याचा नवा कायदा केला.

२१ फेब्रुवारी २००५ रोजी इंडोनेशियात बांडुंग शहराजवळच्या लेउविगाजाह येथे सुमारे २७ लाख घनमीटर कचरा सुटला. तो खाली थांबला नाही, पातळ चिखलासारखा जवळजवळ एक किलोमीटरपर्यंत वाहत गेला. १४० हून अधिक लोक मेले.

२०१७ साली तर सहा महिन्यांत तीन घटना झाल्या. ११ मार्चला इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा येथील कोशे ढिगात शंभराहून अधिक लोक गाडले गेले. १४ एप्रिलला, ऐन नववर्षाच्या सणादिवशी, श्रीलंकेत कोलंबोजवळ मीथोटामुल्ला येथे ढीग घरांवर आला आणि ३० हून अधिक जीव गेले. १ सप्टेंबरला पावसानंतर दिल्लीच्या गाझीपूर ढिगाचा कडा ढासळला. कचरा शेजारच्या कालव्यात पडला, पाण्याचा लोंढा उसळला, रस्त्यावरची वाहने ओढली गेली आणि दोघांचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये युगांडातल्या कंपाला शहराजवळ किटीझी येथे पुन्हा तेच घडले.

देश वेगळे, भाषा वेगळ्या. पण जुना, उंच, चढा ढीग आणि त्याच्या जवळ राहणारी किंवा राबणारी गरीब माणसे हे चित्र जवळजवळ सगळीकडे सारखे आहे. पावसाचे पाणी तर यांतल्या बहुतेक घटनांत होतेच. आपल्याकडे सफाईचे आणि कचरावेचकाचे काम कोणत्या समाजांच्या वाट्याला आले हे वाचकांना सांगायला नको. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून कचरा घेत आली आहे. तिच्या सावलीत पिढ्या वाढल्या आहेत.

ढीग उभा कशावर राहतो?

सुपात ज्वारी ओतली की तिची रास होते. रासेचा उतार ठरावीक मर्यादेपर्यंतच चढा राहतो, त्यापुढे दाणे आपोआप खाली घरंगळतात. दाणे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणामुळे रास टिकते. वरचे वजन जितके जास्त दाबेल तितकी ही पकड पक्की.

कचऱ्यात आणखी एक गोष्ट असते. प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, दोऱ्या, गोण्या थराथरांत अडकून पडतात. भिंतीच्या गिलाव्यात काथ्या घालतात तसे हे तंतू ढिगाला आतून धरून ठेवतात. म्हणून कचऱ्याचा कडा कधी कधी मातीच्या कड्यापेक्षाही उभा दिसतो. ते पाहून लोकांना वाटते, "इतकी वर्षं उभा आहे, काही होत नाही." पण वर्षे लोटतात तसा कचरा कुजतो, खचतो, कुठे पोकळ होतो. कालची पकड आज तेवढीच असेल असे नाही.

ढीग घसरतो तेव्हा बहुधा आत एक वाकडा पृष्ठभाग तयार होतो, कढईच्या बुडासारखा. माथ्याकडचा भाग खाली बसतो आणि पायथ्याकडचा भाग पुढे व वर ढकलला जातो. तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात माथ्याचे ओझे आहे, ते ढिगाला खाली ढकलते. दुसऱ्या पारड्यात पायथ्याचे ओझे आणि आतली पकड आहे, ती त्याला अडवते. पहिले पारडे जड झाले की ढीग सुटतो. पुढचे सगळे उपाय या एका तराजूवरून समजतात.

अभियंते याच तराजूचे गणित मांडतात. अडवणाऱ्या बळाला ढकलणाऱ्या बळाने भागले की जो आकडा येतो त्याला सुरक्षा गुणांक म्हणतात. तो १ असेल तर ढीग कड्याच्या टोकावर आहे. कायमच्या उतारासाठी तो साधारण १.५ असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे अर्जात लागेल.

पारडे कशाने फिरते?

पहिले कारण, चढा उतार. एक मीटर उंचीमागे आडवे अंतर किती, यावरून उतार मोजतात. एकास एक म्हणजे ४५ अंश, हा फार उभा. एकास दोन म्हणजे सुमारे २७ अंश. एकास तीन म्हणजे सुमारे १८ अंश. जुना ढीग बंद करताना बहुधा एकास तीन किंवा त्याहून सपाट उतार देतात. जागा संपली की नवा कचरा जुन्यावर चढवत जातात, त्यातून उभे कडे तयार होतात.

दुसरे कारण, पाणी. बहुतेक दुर्घटनांत याचा हात असतो. एक हेक्टर माथ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होते १० लाख लिटर, म्हणजे १,००० टन. मुंबईत एका पावसाळ्यात २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. माथ्यावर खड्डे असतील तर यातले बरेच पाणी आत मुरते. ओझे वाढते हा एक तोटा, पण मोठा तोटा दुसराच आहे. नदीत बुडालेला दगड उचलताना हलका लागतो, कारण पाणी त्याला वर उचलत असते. ढिगाच्या आत पाणी साचले की ते थरांना तसेच उचलते. थर एकमेकांवर कमी दाबले जातात, म्हणजे घर्षण कमी होते, म्हणजे पकड सुटते. तराजूचे एक पारडे जड होते आणि त्याच वेळी दुसरे हलके होते.

तिसरे कारण, वायू आणि आग. कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो. बाहेर जायला वाट नसेल तर त्याचा दाबही थरांना पाण्यासारखाच उचलतो. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाले आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. आग आत धुमसत राहिली की प्लॅस्टिकचे तंतू जळून जातात आणि ढिगाची काथ्याच नाहीशी होते. लेउविगाजाहच्या अभ्यासकांनी पावसाबरोबर या धुमसत्या आगीलाही जबाबदार धरले आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला मोठी आग लागली तेव्हा धुराची चर्चा सगळ्यांनी केली. पण आगीनंतर ढिगाच्या आतल्या बळाचे काय झाले, हाही प्रश्न विचारायला हवा असतो.

चौथे कारण, खालची जमीन. आपल्याकडे कचरा टाकायला खाडीची, दलदलीची, खाणीची किंवा नाल्याकाठची जागा निवडली जाते. मीथोटामुल्लाचा ढीगही पाणथळ, मऊ जमिनीवर होता. वर डोंगर आणि खाली चिखल असेल तर जमीनच बाजूला सरकते आणि पायथ्याच्या घरांची फरशी वर उचलली जाते.

पाचवे कारण, पायथा खणणे. रस्ता रुंद करायला, गटार काढायला, माती न्यायला किंवा खोली मागे वाढवायला ढिगाचा पाय कापतात. तराजूतले अडवणारे पारडे आपणच रिकामे करतो. वस्तीतल्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावे. दोन फूट जास्तीची जागा मिळते, पण वरचे हजारो टन मोकळे होतात.

उतार पक्का करण्याचे उपाय

उपायांनाही क्रम आहे. तो चुकला तर चांगले कामही धोक्याचे ठरते.

आधी तपासणी. ढिगाचा नकाशा, उंची, उतार आणि खालच्या जमिनीची माहिती घेतात. छिद्रे पाडून नळ्या बसवतात आणि आत पाण्याची पातळी किती आहे हे वेळोवेळी मोजतात. या माहितीवरून सुरक्षा गुणांक काढतात. मोजणी न करता नुसती माती टाकून वर हिरवळ लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे.

दुसरे, पाण्याची वाट. माथ्याला हलका ढाळ द्यायचा, खड्डे बुजवायचे, म्हणजे पाऊस साचत नाही. वरच्या बाजूने येणारे पाणी पक्क्या चराने ढिगाला वळसा घालून न्यायचे. आतले काळे पाणी, ज्याला अभियंते लिचेट म्हणतात, ते पायथ्याशी खडी आणि छिद्रांच्या पाइपातून गोळा करून प्रक्रियेला पाठवायचे. गरज असेल तिथे उतारात आडवे पाइप घालून आतले पाणी बाहेर काढायचे. कमी पैशात जास्त फरक पाडणारे काम बहुधा हेच असते, आणि यातले वरवरचे काम पावसाळ्याआधी काही आठवड्यांत होऊ शकते.

तिसरे, उतार सपाट करणे. कचरा माथ्यावरून उचलायचा आणि काम वरून खाली न्यायचे. उतार लांब असेल तर मध्ये मध्ये आडव्या पायऱ्या ठेवायच्या. पायऱ्यांमुळे पाण्याचा वेग मोडतो, यंत्र चढते, तपासणी करता येते. सपाट उताराला जास्त जागा लागते आणि ती नसते, म्हणून हे काम टाळले जाते. तेव्हा एक तर ढिगाची उंची कमी करावी लागते, नाही तर पायथ्याची जागा मोकळी करावी लागते. तिसरा मार्ग नाही.

चौथे, पायथ्याला आधार. दगड-मातीचा रुंद, जड भराव, जाळीत भरलेले दगड किंवा जमिनीत खोल ठोकलेली भिंत यांनी अडवणारे पारडे जड होते. इथे एक सावधगिरी. भिंत बांधली पण पाणी जायची भोके ठेवली नाहीत, किंवा ती गाळाने बुजली, तर भिंतीमागे पाणी तुंबते आणि एक दिवस भिंतीसकट सगळे खाली येते. भिंत दिसली की लोक निर्धास्त होतात, म्हणून ही भोके वाहती आहेत का ते पाहत जा.

पाचवे, वायूची सोय. उभ्या विहिरी आणि पाइप घालून मिथेन बाहेर काढतात, तो जाळतात किंवा इंधनासाठी वापरतात.

सहावे, आवरण. चिकणमाती किंवा जाड प्लॅस्टिकचे न झिरपणारे आवरण, त्यावर पाणी वाहून नेणारा थर, त्यावर माती आणि गवत. वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत वरची माती धरून ठेवते. पण गवताची मुळे आतली खोल घसरण थांबवू शकत नाहीत. म्हणून हिरवा दिसणारा ढीग सुरक्षित असेलच असे नाही.

सातवे, नजर. उतारावर खुणेचे खांब रोवून ते किती सरकतात हे नियमित मोजायचे. ढीग बंद झाल्यावरही हे वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागते, कारण कुजणे आणि खचणे थांबलेले नसते.

हे सगळे परदेशातच होते असे नाही. बोरिवलीजवळच्या गोराई येथे १९७२ पासून कचरा पडत होता. सुमारे २० हेक्टर जागेवर ढीग सरासरी २६ मीटरपर्यंत चढला होता. २००७ मध्ये तिथे कचरा टाकणे थांबले. मग ढीग सारखा करून त्याला उतार दिला गेला, वर न झिरपणारे आवरण आणि माती घातली गेली, वायूसाठी विहिरी खोदल्या गेल्या. खाडीकाठच्या ढिगावर, मुंबईच्या पावसात हे करता आले, तर इतर गावांना "जमत नाही" असे म्हणता येणार नाही.

ढीग उपसताना

आता अनेक शहरांत जुना कचरा उपसून, चाळून, जागा मोकळी करण्याचे काम सुरू आहे. त्याला बायोमायनिंग म्हणतात. कचरा मोकळा करून कुजवतात, फिरत्या चाळणीतून काढतात, माती वेगळी, प्लॅस्टिक वेगळे, दगड-विटा वेगळ्या करतात. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या ढिगांची अशी तपासणी करण्याची, आणि हे शक्य नसेल तर ढीग शास्त्रीय पद्धतीने झाकण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. ढीगच नाहीसा होणे हा सर्वांत पक्का उपाय, यात शंका नाही.

पण काम चालू असतानाचा काळ नाजूक असतो. घाईत पोकलेनने ढिगाचा पाय उकरला की वर उभा कडा तयार होतो, आणि त्याच कड्याखाली कचरावेचक आणि मजूर उभे असतात. म्हणून उपसा माथ्याकडून व्हावा, कडा उंच ठेवू नये, जोरदार पावसात काम बंद ठेवावे, यंत्राच्या आणि कड्याच्या मध्ये कोणी वेचायला जाऊ नये. वेचणाऱ्या भावा-बहिणींना हाकलून देणे हा यावरचा उपाय नव्हे. चाळणी झालेला माल सपाट जागेवर पसरून तिथे त्यांना काम द्यावे. हातमोजे, बूट, मुखपट्टी द्यावी.

वस्तीने ओळखायच्या खुणा

ढिगावर चढून तपासायला जाऊ नका. लांबून, सुरक्षित जागेवरून पाहा.

माथ्यावर किंवा कडेला समांतर, लांबलचक भेगा पडणे. भेग दर आठवड्याला रुंद होत असेल तर धोका वाढतो आहे.

माथ्याचा एखादा भाग अचानक खाली बसणे.

पायथा फुगणे, जमीन किंवा घराची फरशी वर उचलणे, भिंतींना नव्या तिरक्या भेगा पडणे, दारे-खिडक्या अडकू लागणे.

विजेचे खांब, झाडे, कुंपण कलणे.

पूर्वी नव्हते तिथून काळे पाणी झिरपणे, किंवा वाहणारे पाणी एकाएकी थांबणे. थांबले म्हणजे ते आत तुंबले असू शकते.

माथ्यावर डबकी, उतारावरून धूर, नव्या जागी उग्र वास.

थोडा थोडा कचरा वारंवार घरंगळणे, आतून करकर किंवा धप्प असा आवाज येणे.

उताराचा अंदाज घ्यायला मोबाइलमधले अंश दाखवणारे साधन चालते. ढीग बाजूने दिसेल अशा जागी उभे राहून फोनची कड उताराच्या रेषेला समांतर धरा. १८ अंशांच्या आसपास असेल तर ठीक, २७ च्या पुढे असेल तर लेखी विचारणा करा, ४५ च्या आसपास असेल तर त्या उताराखाली मुलांना खेळू देऊ नका. हा फक्त अंदाज आहे, खरी तपासणी अभियंत्यानेच करायची. भेगेचा फोटो दर आठवड्याला एकाच जागेवरून, तारखेसह काढून ठेवा. तो उद्या पुरावा होतो.

पायथा फुगणे आणि माथ्याची भेग वाढणे या दोन खुणा पावसात एकदम दिसल्या तर वाट पाहू नका. त्या रात्री घर सोडा. लहान मुले, म्हातारी माणसे, गरोदर बायका यांना आधी हलवा. समाजमंदिर, विहार, शाळा अशी एक जागा पावसाळ्याआधीच ठरवून ठेवा, आणि ती ढिगापासून दूर असल्याची खात्री करा. कचरा किती लांब वाहतो ते वर वाचलेच आहे.

घसरलाच तर

उताराच्या सरळ खाली पळू नका, आडव्या दिशेने बाजूला पळा. ११२, १०१ किंवा १०८ वर फोन करा. मुंबईत आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६ आहे.

चूल, बिडी, काडी पेटवू नका. ढीग फुटल्यावर मिथेन सुटलेला असतो.

लगेच उकरायला धावण्याचा मोह होतो, पण एकामागून दुसरी घसरण येऊ शकते. बचाव पथकाला कोणत्या घरात किती माणसे होती हे नेमके सांगा, त्याने जीव वाचतात. बंद खड्ड्यात किंवा गटारात दोरी आणि साधनांशिवाय उतरू नका. तिथे विषारी वायू असतो, आणि वाचवायला गेलेलेच आधी पडतात.

एखाद्याचा हातपाय बराच वेळ दबून राहिला असेल तर किती वेळ दबला होता ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाहेरून जखम लहान दिसली तरी आतल्या स्नायूंतले विषारी घटक मूत्रपिंडावर येऊ शकतात. लघवी कमी झाली किंवा काळपट झाली तर तातडीने रुग्णालय गाठा.

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. धनुर्वाताच्या लसीबद्दल त्याच दिवशी विचारा. वापरलेली सुई टोचली असेल तर लाजून गप्प राहू नका. एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितक्या लवकर घ्याल तितकी बरी. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळतात. कावीळ-बीच्या लसीचेही विचारून घ्या.

घाण चिखलात चाललेल्या माणसाला पुढच्या काही आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना चिखलाची गोष्ट सांगा. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो आणि वेळेवर उपचार केल्यास बरा होतो.

अर्जात काय मागायचे?

"आमच्या वस्तीकडे लक्ष द्यावे" असा मोघम अर्ज फाइलीत पडून राहतो. नेमके प्रश्न विचारा. माहितीचा अधिकार कायदा, २००५ प्रमाणे साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. हे प्रश्न उपयोगी पडतील.

या ढिगाच्या उताराची शेवटची तपासणी कधी झाली? त्यात सुरक्षा गुणांक किती आला? आतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या किती व त्यांच्या नोंदी कुठे आहेत? पावसाळ्याआधी माथ्याचे आणि चरांचे कोणते काम होणार आहे? पायथ्याच्या घरांसाठी इशाऱ्याची आणि स्थलांतराची योजना काय? पुनर्वसन करायचे असेल तर कुठे, केव्हा, आणि रोजगाराचे काय?

अर्जाची प्रत महापालिका किंवा नगरपालिकेबरोबरच प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पोच घ्या, तारीख घाला, फोटो जोडा. एकट्याने देऊ नका, महिला मंडळ, बचत गट, कामगार संघटना यांच्या सह्या घ्या. "अतिक्रमण आहे म्हणून हटवा" एवढेच उत्तर आले तर विचारा, ढिगाचा उतार तेवढ्याने सपाट होणार आहे का? धोक्याच्या पट्ट्यातून घरे हलवावी लागतील हे खरे आहे. पण रात्रीतून उठवणे वेगळे आणि पर्यायी घर देऊन हलवणे वेगळे.

त्या मावशींच्या वस्तीने असाच अर्ज दिला. दोन महिने फेऱ्या मारल्या. माथ्यावरचे डबके उपसले गेले, भेग मातीने बुजवली, एका बाजूने चर निघाला. उतार अजून तसाच चढा आहे, त्यासाठीचा पाठपुरावा सुरू आहे. परवा मावशी भेटल्या. खोकला कमी आहे म्हणाल्या. मग स्वतःच सांगू लागल्या, "मागच्या गल्लीतला पोरगा ढिगाची माती उकरत होता, खोली वाढवायला. मी म्हटलं, बाबा, पाय कापशील तर डोकं खाली येईल."

अभियंता मित्राने तीन संध्याकाळी मला जे शिकवले ते मावशींनी एका वाक्यात सांगितले.

वस्तीच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या जवळच्या ढिगाच्या माथ्यावर पाणी कुठे साचते? ते कोणत्या वाटेने बाहेर जाते?

२. पायथा कोणी, कुठे खणला आहे का? तो पुन्हा भरून घेण्यासाठी कोणाकडे मागणी करायची?

३. भेगांचे फोटो आणि तारखांची वही कोण ठेवणार?

४. रात्री दोन वाजता घर सोडायची वेळ आली तर कोणी कोणाला उठवायचे आणि कुठे जमायचे?